ताटातली वाळू आणि अक्षराचा आवाज

गटाच्या बैठकीत एक वाक्य नेहमी कानावर येतं, "ताई, मलाच वाचता येत नाही, मी पोराला काय शिकवू?" आज त्यावरच बोलू या.

मूल "न नळाचा, ग गवताचा" धडाधड म्हणतं. पण 'नग' लिहून दिलं की अडतं. कारण नळ आणि गवत पाठ झालं, अक्षराचा आवाज मात्र वेगळा कानात बसला नाही. वाचायला आधी आवाज ओळखावा लागतो. आणि आवाजाचा खेळ घ्यायला आईला लिहिता-वाचता येण्याची गरज नाही.

भाजी निवडताना विचारा, "मेथी, मुळा, मिरची, यांच्या सुरुवातीला कोणता आवाज येतो?" 'म' म्हणताना ओठ मिटतात, ते आरशात दाखवा. नाक चिमटीत धरून 'म' म्हणायला सांगा, आवाज अडतो. तोंडापुढे तळहात धरून आधी 'क' आणि मग 'ख' म्हणायला लावा. 'ख'ला हातावर जास्त वारा लागतो. आवाज असा कानाला, डोळ्याला आणि हाताला कळतो.

मग अक्षर. पूर्वी धूळपाटीवर बोटाने अक्षरं गिरवत. आपण ताटात चाळलेली वाळू पसरू. मोठ्या भावंडाने किंवा अंगणवाडीताईंनी अक्षर काढून द्यावं. मुलाने त्यावरून बोट फिरवावं आणि फिरवतानाच आवाज म्हणावा. आईनेही सोबत गिरवावं, दोघांचं शिकणं होतं.

सुरुवात ग, म, भ, न यांपासून करा. एवढ्या अक्षरांतच मन, नग, मग, गगन, नमन हे शब्द होतात. चिंचोके मांडून अक्षरं करा, दोन अक्षरं शेजारी सरकवा आणि आवाज जोडून म्हणा. स्वतः शब्द वाचला की मुलाला हुरूप येतो.

म-भ आणि घ-ध या जोड्या फसव्या आहेत. 'भ' आणि 'ध'ची डोक्यावरची रेघ सुरुवातीला तुटलेली असते, ती जागा बोटाला दाखवा. एक अक्षर पक्कं झाल्यावरच त्याचं जोडीचं अक्षर घ्या.

रोज दहा मिनिटं पुरेत. मूल कंटाळलं तर थांबा. चुकलं तर मारू नका, पुन्हा गिरवू द्या. पहिली-दुसरीत वाचन राहिलं, तर पुढे गणितापासून परिसरापर्यंत सगळंच अडतं.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एक ताट आणि मूठभर चिंचोके आणा. मुलांनाही आणा. हिशेब झाला की तिथेच खेळू.