पर्यावरणनिष्ठ ब्लॉकचेन प्रकल्प : संस्थापकांपुढील पूर्वप्रश्न

प्रस्तावना

ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी जपली जाणारी सामाईक खतावणी होय. तीत प्रत्येक नोंद आधीच्या नोंदींशी अशी गुंफलेली असते की मागचे पान गुपचूप बदलणे जवळजवळ अशक्य होते. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधातून ही रचना बिटकॉइनच्या रूपाने जगासमोर आली. कार्बन क्रेडिटचा व्यापार, मासळीचा माग, शेजाऱ्या-शेजाऱ्यांतील सौरविजेची देवघेव अशा शाश्वत विकासाच्या क्षेत्रांतही पुढे तिचा वापर सुरू झाला. अशा प्रकल्पांच्या प्रस्तावांत तंत्राचे वर्णन बहुधा विस्ताराने असते. साखळीत भरल्या जाणाऱ्या माहितीविषयी मात्र दोन ओळींपलीकडे काही नसते. वास्तविक यश किंवा अपयश ठरते ते तेथेच.

नोंदीची अभेद्यता आणि नोंदीची सत्यता या दोन भिन्न गोष्टी आहेत. जागतिक वन्यजीव निधीने काही तंत्रसंस्थांच्या साहाय्याने जानेवारी 2018 मध्ये फिजी बेटांवरील ट्यूना मासळीसाठी मागोवा-प्रकल्प जाहीर केला. त्यात बोटीवरच माशाला इलेक्ट्रॉनिक खूणपट्टी लावायची आणि पुढचा प्रत्येक टप्पा साखळीत नोंदवायचा, अशी योजना होती. कल्पना उत्तम आहे. परंतु बोटीवर चुकीच्या माशाला पट्टी लागली, तर ती चूक तितक्याच अभेद्यपणे जपली जाईल. म्हणून पट्टी कोण लावतो, त्याच्यावर देखरेख कोणाची आणि खोटी नोंद केल्यास त्याचे नुकसान काय, हे प्रश्न संगणकतज्ज्ञाच्या नेमणुकीपूर्वी सुटले पाहिजेत.

टूकन आणि व्हेरा : एक बोधप्रद प्रकरण

या प्रश्नाची सर्वांत महागडी परीक्षा कार्बन क्रेडिटच्या क्षेत्रात झाली. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइडइतके टाळलेले किंवा शोषलेले उत्सर्जन. व्हेरा ही अमेरिकास्थित संस्था अशा क्रेडिटांची मोठी नोंदवही चालवते. एखाद्या कंपनीने स्वतःच्या उत्सर्जनाच्या भरपाईसाठी क्रेडिट वापरले की त्यावर ‘निवृत्त’ असा शेरा पडतो. मग ते पुन्हा विकता येत नाही.

ऑक्टोबर 2021 मध्ये टूकन या प्रकल्पाने पॉलिगॉन साखळीवर ही क्रेडिटे आणण्यास प्रारंभ केला. रीत अशी : धारकाने व्हेराच्या वहीत क्रेडिट निवृत्त करायचे आणि त्याबदल्यात साखळीवर तितक्या टनांची टोकने घ्यायची. परिणामी एकाच वस्तूच्या दोन वह्यांत दोन परस्परविरोधी नोंदी झाल्या. व्हेराच्या लेखी क्रेडिट संपले होते. साखळीवर ते जिवंत होते आणि हातोहात फिरत होते. वखारीतील मालाच्या पावतीचे उदाहरण येथे उपयोगी पडते. माल वखारीत आणि पावती बाजारात, हा व्यवहार आपल्याकडे परिचित आहे. परंतु वखारीच्या वहीत ‘माल उचलला’ असे लिहिलेले असताना पावती विकली जात असेल, तर शेवटच्या खरेदीदाराच्या हाती नेमके काय पडले?

दुसरा दोष संचयाच्या रचनेत होता. टूकनच्या ‘बेस कार्बन टन’ या सामाईक संचयात 2008 वा त्यानंतरचे क्रेडिट चालत असे, आणि आत गेल्यावर प्रत्येक टन समान मानला जाई. सर्व टनांना एकच भाव मिळणार असेल, तर शहाणा विक्रेता आपल्याजवळचा सर्वांत हलका माल आधी आणून टाकतो. त्यासाठी लबाडीचीही गरज नसते. त्याच महिन्यात सुरू झालेल्या क्लिमाडाओने हा संचय मोठ्या प्रमाणावर खरेदी केला. आपल्या प्रत्येक टोकनामागे किमान एक टन असल्याची ग्वाही तिने दिली होती. टनाचा भाव काही डॉलर असताना त्या टोकनाची किंमत 3,000 डॉलरांच्या वर गेली आणि वर्षभराच्या आत 10 डॉलरांच्याही खाली आली. कार्बनप्लॅन या ना-नफा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये केलेल्या विश्लेषणात असे दिसले की, ज्यांना दीर्घकाळ गिऱ्हाईक नव्हते अशा जुन्या प्रकल्पांची क्रेडिटे या मागणीमुळे बाहेर निघाली होती. वातावरणातील कार्बनवर या उलाढालीचा काय परिणाम झाला असेल, याचा अंदाज सुज्ञांना करता येईल.

25 मे 2022 रोजी व्हेराने निवृत्त क्रेडिटांवर टोकने काढण्यास मनाई केली. एका निवेदनासरशी नव्या टोकनांचा ओघ थांबला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हेराने पर्यायांवर सार्वजनिक विचारविनिमय सुरू केला. मूळ वहीत क्रेडिट निवृत्त न करता केवळ ‘गोठवावे’ हा त्यांतील मुख्य विचार होता. वखारीच्या भाषेत, माल तारण म्हणून अडकवून ठेवावा. मूळ नोंदवहीच्या चालकाशी करार हे साखळी उभारण्याआधीचे काम आहे, ते नंतर करावयाचे सोपस्कार नव्हेत.

विजेचा खर्च

पर्यावरणनिष्ठ प्रकल्पावरचा नेहमीचा आक्षेप विजेचा असतो. केंब्रिज विद्यापीठाच्या अंदाजानुसार बिटकॉइनचे जाळे अलीकडच्या काळात वर्षाला सुमारे 100 अब्ज युनिट वा त्याहून अधिक वीज वापरते. तथापि हा दोष सर्व साखळ्यांचा नाही. इथेरियमने 15 सप्टेंबर 2022 रोजी गणनास्पर्धेची पद्धत सोडून ठेव-तारणावर आधारित पद्धत स्वीकारली आणि तिचा वीजवापर सुमारे 99.95 टक्क्यांनी घटला. त्यामुळे हा प्रश्न आज बऱ्याच अंशी निवडीचा राहिला आहे.

भारतीय संदर्भ

भारतात टोकन काढू इच्छिणाऱ्या संस्थापकाला कराचे गणित आरंभीच मांडावे लागते. 1 एप्रिल 2022 पासून आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातील उत्पन्नावर 30 टक्के कर लागू झाला. एका व्यवहारातील तोटा दुसऱ्यातील नफ्यातून वजा करण्याची सोय ठेवली गेली नाही. 1 जुलै 2022 पासून 1 टक्का उद्गम करकपातही आली. 7 मार्च 2023 च्या अधिसूचनेने अशा मालमत्तेची देवघेव व सांभाळ करणारे व्यवसाय आर्थिक अपहार प्रतिबंधक कायद्याच्या कक्षेत आणले. केवळ नोंद ठेवणारा, विक्रीयोग्य टोकन नसलेला प्रकल्प यांतील बहुतेक गुंत्यांपासून दूर राहतो, आणि अनेक मागोवा-प्रकल्पांना टोकनाची गरजही नसते.

कार्बनच्या बाबतीत स्थिती अधिक स्पष्ट आहे. ऊर्जा संवर्धन (सुधारणा) अधिनियम, 2022 नंतर केंद्र शासनाने 28 जून 2023 रोजी कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली. तिचे प्रशासन ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे, तर नोंदवही ग्रिड कंट्रोलर ऑफ इंडियाकडे सोपवण्यात आली. म्हणजे येथे विश्वासार्ह मध्यस्थ नाही, म्हणून साखळी हवी, हा युक्तिवाद टिकत नाही. शेतकऱ्याच्या बांधावरील झाडांची मोजणी कमी खर्चात आणि वारंवार कशी करावी, तिची पडताळणी कोणी करावी व मोबदला त्याच्या खात्यापर्यंत कसा पोचावा, ही कामे मात्र शिल्लक आहेत. मोजणी करणारा, पडताळणी करणारा व पैसे देणारा हे परस्परांवर अवलंबून नसलेले तीन पक्ष असतील आणि तिघांनाही एकच वही हवी असेल, तर साखळीचा विचार करावा. तिन्ही भूमिका एकाच संस्थेच्या असतील, तर साधा माहितीसंच आणि वार्षिक लेखापरीक्षण पुरेसे व स्वस्त ठरते.