पाबळचा हॅण्ड्स-ऑन फंडा

अमेरिकेतली पीएचडी, मल्टिनॅशनल कंपनीच्या रिसर्च सेंटरमध्ये मोठी पोस्ट, मुंबईत छान बस्तान. असं प्रोफाइल असलेला माणूस पन्नाशीनंतर काय करेल? कन्सल्टन्सी? लोणावळ्याला बंगला? की कंपनीच्या बोर्डावर वर्णी?

डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी यातलं काहीच केलं नाही. इलिनॉय विद्यापीठातून फूड टेक्नॉलॉजीत डॉक्टरेट, म्हैसूरच्या सीएफटीआरआयमध्ये काम, मग हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन केंद्रात इंजिनिअरिंगचं खातं... आणि एवढं सगळं झाल्यावर त्यांनी व्हीआरएस घेतली आणि पत्नी मीराताईंसोबत थेट पाबळ गाठलं. पाबळ म्हणजे पुण्याहून सुमारे ७० किलोमीटरवरचं, शिरूर तालुक्यातलं गाव. पाऊस बेभरवशाचा, जमीन कोरडवाहू. १९८३ मध्ये तिथल्या माळावर 'विज्ञान आश्रम' सुरू झाला, पुण्याच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ एज्युकेशनचं एक केंद्र म्हणून.

आश्रम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर भजन, चटई आणि सात्त्विक जेवण आलं असेल, तर थांबा! इथे वेल्डिंगच्या ठिणग्या उडतात.

नापास कोण? पोरगा की शाळा?

कलबागांचा प्रश्न साधा होता. गावातली कितीतरी पोरं दहावीच्या आत-बाहेर गळतात. गणितात गचकलेला मुलगा घरी बसतो आणि अख्खं गाव त्याला 'ढ' म्हणतं. पण हाच मुलगा बंद पडलेली मोटर खोलून पुन्हा सुरू करतो, विहिरीवरचा पंप जोडतो, गाय आजारी आहे हे तिच्या डोळ्यांवरून ओळखतो. याला बुद्धी नाही म्हणायचं?

कलबागांचं म्हणणं असं की माणूस मुळात शिकतो तो हाताने काम करता करता. लहान मूल तसंच शिकतं. शाळेत गेल्यावर मात्र आपण त्याचे हात बांधून टाकतो आणि फक्त कान उघडे ठेवतो. म्हणून त्यांनी क्रम उलटा केला. आधी काम, मग त्यातून निघणारा प्रश्न आणि मग त्या प्रश्नाचं विज्ञान.

यातून उभा राहिला एक वर्षाचा निवासी कोर्स, डिप्लोमा इन बेसिक रूरल टेक्नॉलॉजी. वेल्डिंग, सुतारकाम, बांधकाम, वायरिंग, शेती, पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं थोडंथोडं शिकायचं. एकाच गोष्टीचा स्पेशालिस्ट का नाही? कारण गावात नुसतं वायरिंग करून वर्षभर पोट भरत नाही. तिथे चार कामं येणारा माणूसच टिकतो. आजच्या कॉर्पोरेट भाषेत बोलायचं तर मल्टिस्किलिंग!

कोंबडीचं गणित

हेच मॉडेल मग नेहमीच्या शाळांतही गेलं. आठवी ते दहावीच्या मुलामुलींसाठी 'मूलभूत तंत्रज्ञान', म्हणजे आयबीटी. आठवड्यातला एक दिवस पुस्तकं बाजूला. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. राज्याच्या एसएससी बोर्डानेही या विषयाला मान्यता दिली.

एक उदाहरण बघा. कोंबड्या पाळायच्या तर रोज खाद्य किती घातलं आणि वजन किती वाढलं याची नोंद ठेवावी लागते. झालं, गुणोत्तर आलं, आलेख आला, नफा-तोटा आला. टाकी बांधायची तर घनफळ काढल्याशिवाय सिमेंट किती लागेल ते कळतच नाही. हिमोग्लोबिन तपासायला शिकलं की जीवशास्त्राचा धडा स्वतःच्या बोटाच्या टोकावर येतो. चुकलात तर लाल शाईची फुली मिळत नाही, टाकीच गळते!

यातली आणखी एक आयडिया भन्नाट होती. शिकवायला गावातलेच कारागीर घ्यायचे आणि शाळा सुटल्यावर शाळेची अवजारं त्यांना स्वतःच्या धंद्यासाठी वापरू द्यायची. शाळेला शिक्षक मिळतो, कारागिराला वर्कशॉप मिळतं. मुलांनीही खोटी मॉडेल्स करायची नाहीत. गावाला खरोखर हवी असलेली वस्तू करायची आणि तिचे पैसे घ्यायचे. गिऱ्हाईक पैसे मोजतं तेव्हा क्वालिटीत सूट मिळत नाही.

माळरानावरची हायटेक लॅब

आश्रमाचं नाव झालं ते घुमटांमुळे. लोखंडी त्रिकोण एकमेकांना जोडून उभी राहणारी ही घरं कमी सामानात होतात आणि हादरे सोसतात. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर त्यांचं महत्त्व आणखी लक्षात आलं. जमिनीखालचं पाणी शोधायला मदत करणारं यंत्र, जीपचे पार्ट वापरून केलेला 'मेकबुल' नावाचा छोटा ट्रॅक्टर, असे कितीतरी उद्योग इथे झाले. आणि २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या मदतीने पाबळला फॅब लॅब आली. एमआयटीबाहेरच्या जगातल्या अगदी सुरुवातीच्या लॅब्जपैकी ही एक. ती आली ती शिरूर तालुक्यातल्या एका माळावर!

पुढच्याच वर्षी, २००३ मध्ये कलबाग गेले. संस्था मात्र थांबली नाही. योगेश कुलकर्णी आणि सहकाऱ्यांनी काम पुढे नेलं, आयबीटी कितीतरी शाळांत पोचलं.

पण एक किंतु आहे

शहरातल्या पोरांनी कोडिंग शिकायचं आणि गावातल्यांनी वेल्डिंग, असं तर नाही ना? हा प्रश्न जुना आहे आणि खराही आहे. गांधीजींची नयी तालीम १९३७ साली वर्ध्यातून निघाली. पुढे ती मागे पडली, त्याचं एक कारण हेच होतं. 'साहेबांची मुलं इंग्रजी शिकणार आणि आमची चरखा फिरवणार?' असं आईबापांना वाटलं. त्यांचं काय चुकलं?

कलबागांचं उत्तर त्यांच्या पद्धतीतच होतं. त्यांनी हे शिक्षण फक्त गळालेल्यांपुरतं ठेवलं नाही, शाळेतल्या सगळ्या वर्गाला दिलं. हुशार-ढ, मुलगा-मुलगी, सगळ्यांना. आणि हातोडीच्या शेजारी कॉम्प्युटरही ठेवला. काम हे शिक्षा म्हणून नाही, शिकण्याचा रस्ता म्हणून.

२०२० च्या नव्या शैक्षणिक धोरणात सहावीपासून व्यावसायिक शिक्षण आणि दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. पाबळने हे कितीतरी आधी करून दाखवलं होतं. आता खरी परीक्षा शहरातल्या शाळांची आहे. ते दहा दिवस आपल्या सोसायटीतल्या मुलांनीही हातात करवत घेतली, तरच ती 'गावाकडच्यांची सोय' राहणार नाही.

तोवर आपल्यासाठी एक छोटी टेस्ट. घरातला फ्यूज उडाला तर तुम्ही काय करता? इलेक्ट्रिशियनचा नंबर शोधता? मग तो जो कोणी येईल, त्याला निदान 'अशिक्षित' तरी समजू नका.