जुन्या जीपचा जाम ॲक्सल : घणापेक्षा सबुरी बरी

वर्षानुवर्षे एका जागी उभी असलेली जुनी जीप पुन्हा रस्त्यावर आणायचे ठरले की, सर्वांचे लक्ष इंजिनाकडे जाते. प्रत्यक्षात काम अनेकदा अडते ते मागच्या चाकापाशी. चाक निघते, पण त्यामागचा ब्रेक ड्रम आणि हब तसूभरही हलत नाहीत. मग घण बाहेर काढला जातो आणि खरे नुकसान तेथून सुरू होते.

मुंबईत महिंद्र कंपनीने १९४७ मध्ये विलीज जीपची जुळणी सुरू केली. पुढे आलेल्या सीजे-३बी या जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये शाफ्टचे टोक निमुळते असते. हब त्यावर पाचरीसारखा घट्ट बसतो. खोबणीतील चावी आणि टोकाचा खाचांचा नट त्याला जागेवर ठेवतात. या फटीत ओलावा शिरला की गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापत असल्याने आधीच घट्ट असलेली पकड आणखी आवळली जाते.

अशा वेळी शाफ्टच्या टोकावर घण घालणे हा सर्वांत वाईट उपाय. त्याने आटे चेपतात. शिवाय दोन्ही बाजूंचे शाफ्ट मधल्या ठोकळ्याला टेकलेले असल्याने घावाचा दणका पलीकडच्या बेअरिंगपर्यंत पोहोचतो. गॅसची ज्योतही बेताने वापरावी लागते. पन्नास मिलिमीटरचे छिद्र दोनशे अंशांनी तापविले तर ते जेमतेम ०.१२ मिलिमीटर रुंदावते; तेवढ्यात ऑइल सील जळते, ग्रीस वितळते आणि शाफ्टचे पाणी उतरण्याची भीती असते.

योग्य पद्धत संथ आहे. हँडब्रेकवर विसंबू नये. या जीपमध्ये तो चाकांवर नव्हे, तर प्रोपेलर शाफ्टवर काम करतो. मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे गाडी घरंगळू शकते. म्हणून पुढच्या चाकांना अडण्या लावाव्यात आणि गाडी जॅकवर न ठेवता भक्कम स्टँडवर टेकवावी. विलीज जीपच्या डाव्या चाकांच्या नटांचे आटे उलटे असत, हेही ध्यानात ठेवावे. ब्रेकचे शू सैल करावेत, कारण झिजलेल्या ड्रमच्या कडेत ते अडकतात. ब्रेकची धूळ हवेने उडवू नये. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.

त्यानंतर गंज सोडविणारे तेल सोडून रात्रभर थांबावे. स्प्लिट पिन काढून नट दोन-तीन आटे सैल करावा, पण पूर्ण काढू नये. ताणाखालचा हब सुटतो तेव्हा बंदुकीच्या गोळीसारखा उडतो. नट असला तर तो तेथेच अडतो. पुलर चाकाच्या पाचही बोल्टवर बसवावा. ड्रमच्या कडेला आकडे अडकवून ओढल्यास बिडाचा ड्रम तडकतो. स्क्रू आवळून ताण द्यावा, हबवर पितळी हातोड्याने हलके ठोके द्यावेत, पुन्हा तेल सोडावे आणि ताण तसाच ठेवून थांबावे. काही वेळा हब दुसऱ्या दिवशी आपोआप सुटलेला आढळतो.

एवढी सबुरी कशासाठी? दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपमध्ये मागचा भार ॲक्सलच्या नळीवरील बेअरिंग पेलत असत. सीजे-३बीमध्ये तो शाफ्टवरच येतो. हबपाशी शाफ्ट तुटला, तर चाक गाडीपासून वेगळे होते. म्हणून हब निघाल्यावर निमुळता भाग स्वच्छ करून खोबणीच्या कोपऱ्यांत तडा आहे का, हे पाहावे. शंका आली तर शाफ्ट बदलावा. जोडताना चावी आणि स्प्लिट पिन नवी वापरावी. पिनेचे छिद्र खाचेसमोर आले नाही, तर नट पुढच्या खाचेपर्यंत आवळावा, सैल मात्र कधीही करू नये.