शियालदाची ‘रेनबो’ शाळा

शाळेत काय शिकवावे, याविषयी आपल्याकडे पुष्कळ चर्चा होते. परंतु मागे पडलेल्या मुलाची जबाबदारी शाळेत नेमकी कोणाची, या प्रश्नाचा विचार तितकासा होत नाही. जादा तास, वेगळा वर्ग किंवा खासगी शिकवणी हे नेहमीचे उपाय होत. या सर्व उपायांमागे काही गृहीते असतात. मूल रोज शाळेत येते, संध्याकाळी ते आपल्या घरी जाते आणि त्याच्यासाठी शाळेला आपल्या मूळ व्यवस्थेत काही बदल करावा लागत नाही, असे आपण मानून चालतो. ज्या मुलाला घरच नाही, त्याच्या बाबतीत यांपैकी एकही गृहीत टिकत नाही. कोलकात्याच्या शियालदा भागातील लोरेटो डे स्कूल या मुलींच्या कॅथॉलिक शाळेने १९८५ मध्ये सुरू केलेला उपक्रम या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

लोरेटो संघाच्या जोगिणी १८४१ च्या अखेरीस आयर्लंडहून कोलकात्यास आल्या. शियालदाची शाळा १८५७ मधील. जवळच शियालदाचे प्रचंड रेल्वे स्थानक आहे. १९४७ च्या फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांनी याच स्थानकाच्या फलाटांवर आश्रय घेतला होता. पुढेही पोटासाठी शहरात आलेली असंख्य कुटुंबे या परिसराच्या पदपथांवर राहत आली. शाळेच्या भिंतीच्या आत नीटनेटक्या गणवेशातील मुली आणि बाहेर त्यांच्याच वयाच्या, अक्षरशत्रू राहिलेल्या मुली, असे हे दृश्य होते.

१९७९ मध्ये सिस्टर सिरिल मूनी या शाळेच्या मुख्याध्यापिका झाल्या. आयर्लंडमध्ये जन्मलेल्या सिस्टर सिरिल १९५६ पासून भारतात राहत होत्या. त्या वेळी शाळेत सुमारे ७९० मुली होत्या व त्यांपैकी सुमारे ९० मुली गरीब वस्तीतील होत्या. हे प्रमाण त्यांनी क्रमाक्रमाने वाढवत नेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस पटावरील मुलींची संख्या सुमारे १,४०० झाली होती आणि त्यांतील जवळजवळ निम्म्या मुली शुल्क न भरता शिकत होत्या. शुल्क देणाऱ्या आणि न देणाऱ्या मुलींसाठी निरनिराळे वर्ग नव्हते. सर्व जणी एकाच बाकावर बसत.

तथापि पदपथावरील मुलीला एकदम पाचवीच्या वर्गात बसवणे शक्य नव्हते. वयाने ती दहा वर्षांची असली, तरी तिला अक्षरओळख नसे. पहिलीत बसवावे, तर लहान मुलांमध्ये तिला संकोच वाटे. शिवाय तिचे येणे अनिश्चित. धाकट्या भावंडाला सांभाळणे किंवा चार पैसे मिळवणे तिला चुकत नसे. यातून ‘रेनबो’ शाळा उभी राहिली. मुलीने जमेल तेव्हा यावे आणि ती आली, की तिला शिकवायला कोणीतरी हजर असावे, हे तिचे सूत्र होते.

हे ‘कोणीतरी’ म्हणजे शाळेच्याच विद्यार्थिनी. पाचवीपासून वरच्या वर्गांतील प्रत्येक मुलीने आठवड्यातून सुमारे दीड तास एका रेनबो मुलीला शिकवावे, असे ठरले. त्यासाठी अभ्यासक्रमातील, ज्याला आपल्याकडे कार्यानुभव म्हणतात, त्या विषयाच्या तासिका वापरण्यात आल्या. निरनिराळ्या वर्गांच्या या तासिका निरनिराळ्या वेळी येत असल्यामुळे दिवसभर शिकवणाऱ्या मुली उपलब्ध राहत. मदतीचे हे काम शाळा सुटल्यानंतर करावयाचे पुण्यकर्म नव्हते, तर वेळापत्रकाचाच भाग होता. उपक्रमाचे खरे बळ याच गोष्टीत आहे.

मुलांकडून मुलांना शिकवण्याची कल्पना भारताला नवी नाही. अँड्र्यू बेल याने अठराव्या शतकाच्या अखेरीस मद्रासच्या अनाथालयात तिचा अवलंब केला आणि पुढे ती इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झाली. मात्र त्या पद्धतीत एक ‘मॉनिटर’ अनेक मुलांना शिकवत असे. थोड्या खर्चात पुष्कळांना शिकवणे हा तिचा हेतू होता. रेनबोमध्ये एकीला एक शिकवते. रस्त्यावर वाढलेल्या एखाद्या मुलीला पैशांचा हिशेब तोंडी येतो, पण अंक लिहिता येत नाहीत. दुसरीला बंगाली समजत नाही. तिसरी भीतीने बोलतच नाही. प्रत्येकीची अडचण वेगळी असल्यामुळे समोर एक माणूस असणे येथे अगत्याचे ठरते. आपले नाव घेऊन आपली वाट पाहणारे कोणी आहे, ही जाणीव अशा मुलीला पाटीपेन्सिलीइतकीच आवश्यक असते. पुरेशी तयारी झाली, की ती आपल्या वयाला साजेशा वर्गात, याच किंवा जवळच्या दुसऱ्या शाळेत प्रवेश घेई.

या पद्धतीवर दोन आक्षेप घेता येतील. अभ्यासाचा वेळ असा खर्च केल्याने इतर मुलींचे नुकसान होते, हा पहिला. परंतु एखादी गोष्ट दुसऱ्याला समजावून सांगताना आपल्याला ती किती कळली आहे, हे प्रथमच उमगते, असा प्रत्येक शिक्षकाचा अनुभव आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. गरीब मूल हे सुखवस्तू मुलांच्या संस्कारांचे साधन होऊन बसण्याचा धोका यात आहे. वर्गाचे दार त्या मुलीला खरोखर उघडे असेल, तरच हा धोका टळतो. आज शिकणारी उद्या त्याच शाळेची विद्यार्थिनी होऊन दुसरीला शिकवणार असेल, तर दाता आणि याचक हे नाते टिकत नाही.

आणखी एक गोष्ट अनुभवाने ध्यानात आली. दिवसभर शिकलेली मुलगी रात्री पदपथावरच झोपणार असेल, तर तिची सुरक्षितता आणि तिचा अभ्यास दोन्ही धोक्यात असतात. म्हणून पुढे अशा मुलींच्या रात्रीच्या निवासाचीही सोय शाळेच्या इमारतीतच करण्यात आली. संध्याकाळी रिकाम्या पडणाऱ्या इमारतीचा याहून चांगला उपयोग कोणता?

शिक्षणहक्क कायद्याने २००९ मध्ये खासगी शाळांना दुर्बल घटकांतील मुलांसाठी २५ टक्के जागा ठेवण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि २०१४ मध्ये सर्वच अल्पसंख्याक शाळांना या कायद्यातून वगळले. शियालदाच्या शाळेने मात्र कायदा होण्याच्या कितीतरी आधी, कोणी न सांगता, त्याहून मोठा वाटा मोकळा केला होता. सिस्टर सिरिल यांना २००७ मध्ये पद्मश्री मिळाली. २०११ मध्ये त्या मुख्याध्यापिकापदावरून दूर झाल्या आणि २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या साधनांवर त्यांनी हे काम उभारले, ती कोणत्याही शाळेपाशी असतात: इमारत, वेळापत्रक आणि विद्यार्थी. त्यांची मांडणी कोणासाठी करावयाची, एवढेच प्रत्येक शाळेला ठरवावे लागते.