एकाच अळंबीत किती बटणे!

पावसाळ्यात साताऱ्याहून सांगलीकडे जाताना जुन्या झाडांचे बुंधे नीट न्याहाळा. एखाद्यावर लाकडासारखी टणक, लाखेचा हात फिरवल्यासारखी चकचकीत, तांबूस अळंबी दिसू शकेल. तिचे नाव गॅनोडर्मा. चीन-जपानात तिच्या जातभाईंना फार पूर्वीपासून औषधी मानतात. तिचा कडूपणा मुख्यतः गॅनोडेरिक आम्लांमुळे असतो.

आता गंमत पाहा. लाकडात पसरलेले बुरशीचे तंतू आणि बाहेर आलेली अळंबी, दोहोंतील जनुके तीच. आम्लांचे प्रमाण मात्र वेगळे. असे का? घरात दहा दिवे असले, तरी ज्याचे बटण दाबावे तोच लागतो. जनुकांचेही तसेच असते.

२०१२ साली या बुरशीचा जनुकसंच वाचला गेला. त्यात सुमारे १६,००० जनुके आढळली. लॅनोस्टेरॉल या रेणूपासून ही आम्ले बनतात. तो रेणू घडविणारे जनुक जागे झाले, की पुढच्या पायऱ्यांची विकरे बनविणारी अनेक जनुकेही जागी होतात. कोवळी अळंबी फुटताना ही लगबग सर्वांत जास्त असते. वनस्पतींतील मिथाइल जास्मोनेट हे द्रव्य प्रयोगशाळेत दिले, तरीही आम्ले वाढतात.

म्हणजे डबीवरचे नाव एकच असले, तरी आतील भुकटीचा गुण एकच असेल असे नाही. शिवाय, कर्करोगावर मुख्य उपचार म्हणून ती वापरावी इतका पुरावा २०१६ च्या आढाव्यातही मिळाला नाही.

तेव्हा अळंबी दिसली तर चित्र काढा, झाडाचे नाव टिपा. पण रानातली अळंबी चाखून मात्र पाहू नका!