अडसराची बंदूक

12 मे 1930 रोजी आपल्या गावावर मार्शल लॉ पुकारला गेला आणि 30 जूनपर्यंत तो राहिला. चार हुतात्म्यांची नावे सोलापुरात शाळकरी पोरालाही ठाऊक आहेत. पण त्या काळच्या पलटणींचे ठरलेले हत्यार कोणते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ते होते ली-एन्फील्ड. आपल्या बोलीत ‘थ्री नॉट थ्री’.

तिची करामत समजायला घरच्या दाराचा अडसर पाहावा. दांडी उचलायची, मागे ओढायची, पुढे सारायची, खाली पाडायची. या चार हालचालींत रिकामे काडतूस बाहेर पडते, नवे नळीत बसते आणि नळीचे तोंड पक्के बंद होते. ही युक्ती लष्करात प्रथम प्रशियाने आणली. ड्रायझे नावाच्या कारागिराची ‘सुईची बंदूक’ त्यांनी 1841 मध्ये स्वीकारली. तिची सुई मोडे, सांध्यातून धूर गळे. तरी 1866 च्या लढाईत ऑस्ट्रियाचा शिपाई उभा राहून तोंडाकडून दारू ठासत असता प्रशियन शिपाई जमिनीवर पडल्या पडल्या बार काढीत होता. पुढे पितळी काडतुसाने धुराची गळती थांबवली.

इंग्रजांनी 1888 मध्ये ली-मेटफर्ड घेतली. नव्या कॉर्डाइट दारूच्या उष्णतेने तिच्या नळीतील उथळ आटे झिजू लागले, म्हणून एन्फील्डच्या कारखान्याने खोल आटे पाडले. 1895 पासून नाव झाले ली-एन्फील्ड. 1857 सालची ती चरबीच्या काडतुसांची बंदूकही एन्फील्डचीच, हा योगायोग मोठा बोलका आहे!

कारण त्या बंडानंतर सरकारने धोरणच ठरविले: हिंदी शिपायाचे हत्यार गोऱ्याच्या एक पिढी मागे ठेवायचे. गोऱ्याला मार्टिनी, तर याला जुनी स्नायडर; गोऱ्याला ली-मेटफर्ड, तेव्हा याला मार्टिनी. 1897 च्या तिराह मोहिमेत गोरे शिपाई बिनधुराच्या दारूने लढले आणि आपल्यांच्या मार्टिनीचा काळा धूर त्यांचा ठावठिकाणा शत्रूला सांगत राहिला. अडसराची बंदूक सरसकट हिंदी पलटणींच्या हाती यायला विसावे शतक उजाडावे लागले.

आणि मग ती हातातून लवकर सुटली नाही. नोव्हेंबर 2008 मध्ये मुंबईच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवर आपोआप गोळ्या झाडणाऱ्या बंदुका घेऊन अतिरेकी शिरले, तेव्हा समोरच्या काही पोलिसांपाशी थ्री नॉट थ्रीच होती.