इंडोनेशियातील मराठा पलटणी (१९४५–१९४६)

दुसरे महायुद्ध संपल्यानंतर ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातील ५व्या मराठा लाइट इन्फंट्री या रेजिमेंटच्या चौथ्या आणि सहाव्या पलटणी जावा बेटावर पाठविण्यात आल्या. जपानने १५ ऑगस्ट १९४५ रोजी शरणागती जाहीर केली, तेव्हा या पलटणींतील सैनिकांच्या दृष्टीने लढाई संपली होती आणि घरी परतणे हाच प्रश्न उरला होता. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९४५ मध्ये सुरबाया शहरात त्यांना अत्यंत भीषण रस्त्यावरच्या लढाईला तोंड द्यावे लागले. या वेळी समोर जपानी नव्हते, तर स्वातंत्र्य घोषित केलेले इंडोनेशियन लोक होते. या पलटणी ज्या २३व्या हिंदी डिव्हिजनचा भाग होत्या, तिचे जावातील वास्तव्य नोव्हेंबर १९४६ पर्यंत लांबले.

पार्श्वभूमी

मराठा लाइट इन्फंट्रीची भरती मुख्यतः कोकण आणि देशावरील जिल्ह्यांतून होत असे. रेजिमेंटचे केंद्र बेळगाव येथे होते. महायुद्धात तिच्या पलटणी दूरदूरच्या आघाड्यांवर विखुरल्या गेल्या. इटलीतील लढायांमध्ये यशवंत घाडगे (जुलै १९४४, मरणोत्तर) आणि नामदेव जाधव (एप्रिल १९४५) यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविले. चौथी आणि सहावी पलटण मात्र पूर्वेकडे, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर होत्या. त्यांच्यासोबत ६व्या राजपुताना रायफल्सची पाचवी पलटण होती आणि या तिन्ही पलटणी मिळून ४९वी हिंदी ब्रिगेड बनली होती. मार्च १९४४ मध्ये मणिपूरमधील सांगशाक येथे छत्रीधारी सैनिकांच्या बरोबरीने लढताना चौथ्या पलटणीने मोठी झीज सोसली. जावात उतरलेले सैनिक युद्धाला नवखे नव्हते, उलट थकलेले होते, ही गोष्ट पुढील घटना समजून घेताना लक्षात ठेवावी लागते.

परतीला विलंब का झाला

जपानच्या शरणागतीबरोबरच लॉर्ड माउंटबॅटन यांच्या आग्नेय आशिया कमांडचे कार्यक्षेत्र वाढविण्यात आले आणि डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचा इंडोनेशिया, त्यांच्याकडे सोपविला गेला. जपानी फौजांना निःशस्त्र करणे आणि छावण्यांत अडकलेल्या युद्धकैद्यांची व युरोपीय कुटुंबांची सुटका करणे, ही कामे तेथे करायची होती. नेदरलँड्स नुकतेच जर्मन ताब्यातून मुक्त झाले होते, त्यामुळे त्यांच्याकडे त्या वेळी पाठविण्याजोगे पुरेसे सैन्य नव्हते.

ब्रिटिश सैनिकही कमी पडत होते. पूर्वेकडे ठराविक मुदत भरलेल्या ब्रिटिश सैनिकांना मायदेशी पाठविण्याच्या ‘पायथन’ योजनेतील मुदत जून १९४५ मध्ये तीन वर्षे चार महिन्यांवर आणली गेली. परिणामी अनुभवी गोरे सैनिक मोठ्या संख्येने परतू लागले आणि ताब्याचे काम हिंदी पलटणींवर पडले. त्यातच जहाजांची तीव्र टंचाई होती. कैदी, निर्वासित, धान्य आणि सैन्य या सर्वांची गरज मोजक्याच जहाजांवर भागवावी लागे. अशा परिस्थितीत कोकणातल्या शिपायाची पाळी केव्हा येणार, हे त्याच्या अधिकाऱ्यांनाही ठामपणे सांगता येत नसे.

सुरबाया

सुकार्नो आणि मोहम्मद हत्ता यांनी १७ ऑगस्ट १९४५ रोजी इंडोनेशियाचे स्वातंत्र्य घोषित केले होते. सुरबायामध्ये जपान्यांची बरीच शस्त्रे तेथील तरुणांच्या हाती गेली होती. ब्रिगेडियर ए. डब्ल्यू. एस. मॅलबी यांच्या नेतृत्वाखाली ४९वी ब्रिगेड २५ ऑक्टोबर रोजी तेथे उतरली. मॅलबी यांनी स्थानिक नेत्यांशी बोलणी केली. जपान्यांकडील शस्त्रेच काढून घेतली जातील, असा त्यांतून समझोता झाला. परंतु २७ ऑक्टोबर रोजी जकार्ताहून आलेल्या विमानाने शहरावर पत्रके टाकली आणि इंडोनेशियन लोकांनीही शस्त्रे खाली ठेवावीत, असा हुकूम त्यांतून दिला. मॅलबी यांना याची पूर्वकल्पना नव्हती. एका कार्यालयाने दिलेला शब्द दुसऱ्या कार्यालयाने मोडला आणि त्याची किंमत चौक्यांवरच्या शिपायांनी मोजली.

मराठा आणि राजपुताना रायफल्सचे सैनिक शहरभर छोट्या छोट्या तुकड्यांत विखुरलेले होते. २८ ऑक्टोबरला या चौक्यांवर एकाच वेळी हल्ले झाले. स्त्रिया व मुलांना छावण्यांतून हलविणारा लॉऱ्यांचा ताफाही त्यात सापडला. काही चौक्यांवर दारूगोळा संपला आणि तेथील सैनिक मारले गेले. ब्रिगेड पूर्ण नष्ट होण्याची वेळ आल्यावर सुकार्नो यांना विमानाने सुरबायाला आणण्यात आले आणि ३० ऑक्टोबर रोजी युद्धबंदी ठरली. युद्धबंदीची माहिती देत फिरणारे मॅलबी त्याच संध्याकाळी इंटरनॅशिओ इमारतीसमोर मारले गेले. ती इमारत सहाव्या मराठा पलटणीच्या एका तुकडीच्या ताब्यात होती. तिला बाहेरून जमावाने वेढले होते. पहिली गोळी कोणी झाडली याविषयी दोन्ही बाजूंची कथने जुळत नाहीत.

त्यानंतर मेजर जनरल रॉबर्ट मॅन्सर्ग यांची ५वी हिंदी डिव्हिजन तेथे आणली गेली आणि १० नोव्हेंबर रोजी नौदल व विमानदलाच्या साहाय्याने शहरावर चढाई झाली. सुमारे तीन आठवडे लढाई चालली. इंडोनेशियात १० नोव्हेंबर हा दिवस ‘वीर दिन’ म्हणून पाळला जातो.

हिंदुस्थानातील पडसाद

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यातच दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरील खटला सुरू झाला होता. स्वातंत्र्याची मागणी करणाऱ्या देशाचेच सैनिक दुसऱ्या देशाच्या स्वातंत्र्याविरुद्ध वापरले जात आहेत, याचा जवाहरलाल नेहरू यांनी तीव्र निषेध केला. ऑस्ट्रेलियाच्या बंदरांत डच जहाजांवर घालण्यात आलेल्या बहिष्कारात हिंदी खलाशीही सामील झाले.

सैनिकांवर याचा काय परिणाम झाला, हे मोजणे अवघड आहे, कारण त्यांची पत्रे सेन्सॉरच्या हातून जात असत. काही हिंदी सैनिक पलटण सोडून इंडोनेशियन बाजूस गेले, हे निश्चित आहे. बहुतेकांनी मात्र शिस्त पाळून चाकरी पुरी केली. ब्रिगेडबरोबर सुरबायात गेलेले सैन्याच्या प्रसिद्धी विभागातील अधिकारी पी. आर. एस. मणी यांनी पुढे सैन्य सोडले आणि मुंबईच्या ‘फ्री प्रेस जर्नल’चे बातमीदार म्हणून ते इंडोनेशियातून लिहू लागले. ज्या लढाईचे वृत्त त्यांनी सैनिकी गणवेशात पाहिले होते, तिच्या मागची बाजू त्यामुळे मुंबईच्या वाचकांपर्यंत पोचू शकली.

दोन्ही देशांतील संबंधांचा आणखी एक धागा अन्नाचा होता. १९४६ मध्ये हिंदुस्थानावर धान्यटंचाईचे संकट होते. वसईपासून सावंतवाडीपर्यंतच्या कोकणपट्टीत भात हेच मुख्य अन्न, आणि शिधावाटपाचे दिवस होते. याच वर्षी इंडोनेशियाचे पंतप्रधान सुतान शाहरीर यांनी हिंदुस्थानला पाच लाख टन तांदूळ देऊ केला. मराठा शिपाई जावात पहारा देत होते, तेव्हाची ही गोष्ट आहे.

परती

सुरबायानंतरही शांतता आली नाही. जकार्ता ते बांडुंग या रस्त्यावर रसद नेणाऱ्या ताफ्यांवर छापे पडत. मार्च १९४६ मध्ये ब्रिटिश हुकुमानुसार माघार घेताना इंडोनेशियनांनी बांडुंगचा दक्षिण भाग स्वतःच पेटवून दिला. २ सप्टेंबर १९४६ रोजी दिल्लीत नेहरूंचे अंतरिम सरकार आल्यावर सैन्य परत आणण्याची मागणी ही केवळ सभेतील मागणी राहिली नाही. डच व इंडोनेशियन प्रतिनिधींनी १५ नोव्हेंबरला लिंगजाती करारावर आद्याक्षरे केली आणि महिनाअखेरीस शेवटच्या हिंदी तुकड्यांनी देश सोडला. जपानच्या शरणागतीला तोवर साडेपंधरा महिने झाले होते.

काही मराठा सैनिकांची प्रतीक्षा याहून लांबली. इटलीत लढलेली रेजिमेंटची पहिली पलटण १९४६ मध्ये राष्ट्रकुल ताबा सैन्याचा भाग म्हणून जपानला गेली. तेथील हिंदी ब्रिगेडचे नेतृत्व के. एस. थिमय्या आणि कोल्हापुरात जन्मलेले एस. एम. श्रीनागेश यांनी केले. दोघेही पुढे भारताचे लष्करप्रमुख झाले. ही ब्रिगेड १९४७ मध्ये मायदेशी परतली.

इंडोनेशियात मृत्यू पावलेल्या हिंदी सैनिकांची स्मृतिस्थाने जकार्तातील मेंतेंग पुलो येथील राष्ट्रकुल युद्ध स्मशानभूमीत आहेत. युद्धोत्तर ताबा सैन्याचा अधिकृत इतिहास भारत व पाकिस्तानच्या संयुक्त इतिहास विभागाने १९५८ मध्ये प्रसिद्ध केला. तोपर्यंत ज्या सैन्याचा तो इतिहास होता, ते दोन देशांत विभागले गेले होते.